एकाच नंबरचे दोन सेट

आमच्या घरात इंग्रजी सलग वाचता येणारी मी एकटीच होते, म्हणून त्या वर्षी दादाच्या छोट्या विमानाच्या रेडिओची माहितीपत्रकं वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. दादा समोर मांडी घालून बसायचा. अण्णा खाटेवर डोळे मिटून पडलेले असायचे, आणि त्यांना झोप लागली असं वाटत असतानाच मध्येच एखादा प्रश्न टाकायचे. आई स्टोपुढे भाकऱ्या थापत असायची. स्टोचा आवाज इतका असायचा की मला एकेक वाक्य ओरडून वाचावं लागे, आणि ओरडून वाचलेलं इंग्रजी शेजाऱ्यांच्या घरात ऐकू गेलं की तिकडून हसण्याचा आवाज येई. मी तेव्हा अकरावीत होते. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेका वाक्याचं मराठी करायची आणि दादा ते जसंच्या तसं डोक्यात ठेवायचा. त्याला वाचायचा कंटाळा होता, पण एकदा कानावर पडलेलं तो विसरत नसे.

कळंबच्या पुढे साखर कारखान्याच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस गोड वास घरादारात भरून राहायचा, आणि चिमणीतून उडालेल्या भुश्याची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. आई ती राख झटकताना दरवर्षी त्याच शिव्या द्यायची. दिवसाचे तीन भाग भोंगा करायचा. आम्हांला घड्याळ बघायची सवय फार उशिरा लागली. रविवारी सकाळी अण्णा आम्हां दोघांना शेजारी बसवून बुद्धवंदना म्हणून घेत, मग आई सुकटीचं कालवण करी, आणि दुपारभर दादा मागच्या पडवीत विमान घेऊन बसे.

त्याचं विमान म्हणजे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पतंगाचा कागद आणि सरस. पंख साडेचार फुटांचे, त्यामुळे पडवीत दुसऱ्या कुणाला जागा उरत नसे. इंजिन मुठीएवढं होतं. त्याच्या इंधनात एरंडेल मिसळावं लागे. त्यासाठी आईची एरंडेलाची बाटली अर्ध्यावर आली की ती म्हणायची, "तुज्या इमानाला जुलाब हुत्याल एक दिवस." जळलेल्या एरंडेलाचा वास मला अजून कुठे आला, तर मी जागच्या जागी थांबते. आता तसा वास फारसा कुठे येत नाही.

दादाचा जुना सेट, म्हणजे जमिनीवरून विमान चालवायचा रेडिओ, पुण्याच्या एका प्राध्यापकाने शौक सोडताना देऊन टाकलेला होता. त्यावर विमान डावीउजवीकडे वळवता येई आणि वरखाली करता येई, एवढंच. इंजिनाचा वेग हातात नव्हता. एकदा सोडलं की इंधन संपेपर्यंत विमान एकाच गतीने भणभणत राही. शिवाय तो सेट मधूनच बहिरा होई. दादाने नव्या सेटची तयारी सेट नसतानाच सुरू केली होती. सायकलच्या दोन तारा वाकवून त्याने मातीच्या गोळ्यात खोचल्या होत्या. त्या दोन अंगठ्यांनी हलवत तो पडवीत उभा राही आणि नजर आभाळात लावून, डोक्यातलं विमान उडवी. इंजिनाचा वेग डाव्या हाताला हवा की उजव्या, हे त्याने तसं महिनाभर करून ठरवलं. डाव्या. येणारे-जाणारे त्याला वेडा म्हणत. तो त्यांच्याकडे न बघता म्हणे, "थांबा, उतरू द्या."

हा नाद त्याला बारामतीत लागला. तिथे आयटीआयला जात असताना एमआयडीसीपलीकडच्या माळावर त्याला संपतराव भेटले. संपतराव मोठे बागायतदार, चाळिशीचे, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. त्यांच्या परदेशातल्या भावाने त्यांना विमानं आणि सेट आणून दिला होता. ते विमान पाडायचे आणि दादा ते दुरुस्त करायचा. पुढे पुढे दादाच उडवायचा आणि ते टाळ्या वाजवायचे. खुर्ची टाकून माळावर बसत आणि आल्यागेल्याला सांगत, "हात बघा पोराचा. सोन्याचा हाय." एकदा अण्णा दादाबरोबर त्यांच्या वस्तीवर गेले होते. संपतरावांनी त्यांना सोफ्यावर शेजारी बसवून घेतलं आणि आपल्यासारख्याच कपबशीत चहा दिला. अण्णांनी घरी येऊन तो चहा आम्हांला दोनदा सांगितला. त्यात एवढं काय, हे मला कळेना, तेव्हा आईने हळूच सांगितलं. अण्णा लहानपणी वरकुट्याला राहायचे. तिथे एका मळ्यात त्यांना पाणी ओंजळीत वरून ओतून मिळायचं. आजोबांनी दीक्षा घेतल्यानंतरसुद्धा काही वर्षं तसंच चाललं. अण्णा स्वतः हे कधी बोलले नाहीत. पण संपतरावांचा शब्द आमच्या घरात जड का होता, ते मला त्या दिवशी समजलं.

तर निवड. तीन माहितीपत्रकं होती. दादाचा जीव एका सेटवर बसला होता. त्याचा विमानात बसवायचा भाग हलका होता, आणि कागदाच्या विमानाला वजनाचं फार असतं. मी ते पान त्याला चार वेळा वाचून दाखवलं होतं. दुसरा स्वस्त होता, तो त्याने लगेच बाजूला ठेवला. तिसरा म्हणजे संपतरावांकडे होता तो. त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "संपतरावाकडं हाय त्योच घ्यायचा."

अण्णांचा हा नियमच होता. वरकुट्याला चुलत्यांच्या विहिरीवर एकदा कुणाकडेच नसलेल्या बनावटीचा पंप बसवला होता. त्याचा एक भाग मिळेना म्हणून तो बारा दिवस बंद राहिला आणि कांदा वाळून गेला. तेव्हापासून शेजारच्याकडे असेल तीच वस्तू घ्यायची, म्हणजे अडीअडचणीला भाग मिळतो, मिस्त्रीही तोच चालतो. आमची सायकल, स्टो, कुकर, सगळं शेजाऱ्यासारखं होतं. वसाहतीतले लोकही काही घेण्याआधी अण्णांना विचारत आणि अण्णा त्यांना हेच सांगत. ते कधी चुकलेही नव्हते, हे मी इथे लिहून ठेवते.

पण पुस्तिकेत एक पान होतं. सेटमध्ये नखाएवढा एक क्रिस्टल असतो आणि त्याच्यावर नंबर असतो. हातातल्या सेटमध्ये एक, विमानात एक, दोन्हींचा नंबर एकच. त्या नंबरवर ते एकमेकांशी बोलतात. एकाच नंबरचे दोन सेट एका जागी चालू झाले, तर विमान दोघांचं ऐकतं आणि कुणाचंच ऐकत नाही. हे पान जाड अक्षरात छापलेलं होतं. मी ते वाचलं, मराठी करून सांगितलं, आणि आईने स्टो बंद केल्यावर पुन्हा एकदा वाचलं.

अण्णा म्हणाले, "मग पाळीनं उडवायचं. कालव्याचं पाणी घेतोच की आपण पाळीनं. तवा कुणाचं पीक जळतंय?"

दादा म्हणाला, "अण्णा, सेट त्योच घिऊ. फकस्त क्रिस्टल दुसऱ्या नंबरचा मागवू. एवढासा तर असतुय."

"आन् त्यो फुटला मंग? कुणाकडं मागशील?"

"येक जादा घिऊन ठिवू."

"म्हंजी संपतराव म्हणणार, ह्यांना माझ्यापरास निराळं पायजेल. माणसं अशी तुटत्यात, मिलिंद." अण्णा पुन्हा आडवे झाले. "अगदी सेम घ्यायचा. नंबरसुदिक."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा ते पान उघडलं असतं, तर कदाचित आणखी चार वाक्यं झाली असती. पण अण्णा आडवे झाल्यावर बोलायचं नाही, ही घरातली रीत होती. मी पुस्तिका मिटली. अकरावीतल्या मुलीला याहून जास्त काय करता आलं असतं, असं मला लोक विचारतील. मीही स्वतःला तेच विचारत आले. उत्तर दरवेळी वेगळं येतं.

सेट आला, त्या दिवशी दादा जेवला नाही. त्याने तो खोक्यातून काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि नुसता बघत बसला. पहिल्या उड्डाणाला आम्ही सगळे बारामतीला गेलो. आईसुद्धा आली. तिने पाटीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. विमान वर गेल्यावर दादाने पहिल्यांदा इंजिनाचा वेग कमी केला. भणभण थांबली, आणि विमान घारीसारखं माळावर तरंगायला लागलं. आई म्हणाली, "आता कसं, शहाण्यावानी उडतंय." दादाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते पुढे मी त्याच्या लग्नातही पाहिलं नाही.

पाळी ठेवण्यासाठी त्याने एक लाल फीत केली होती. ज्याच्या सेटच्या एरियलला ती बांधलेली, त्यानेच सेट चालू करायचा. संपतरावांनी हसत मान्य केलं. पण फीत दादाकडे असली, तरी संपतरावांची जीप माळावर दिसली की दादा विमान उतरवायचा, त्यांनी न सांगता. ते म्हणायचे, "आरं उडीव की तू." तरीही तो फीत सोडून त्यांच्या हातात द्यायचा. मग दोन दोन तास उन्हात उभा राहून त्यांचं उडवणं बघायचा आणि पडलेलं उचलून आणायचा. त्याचा नंबर वेगळा असता, तर तो त्यांच्या शेजारी उभा राहून उडवू शकला असता. हे त्याला कळत होतं. अण्णांना ते कळावं, यासाठी त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

त्याच हिवाळ्यात पुण्याचे एक साहेब बारामतीला येणार असल्याचं संपतरावांनी सांगितलं. साहेब हवाई दलातून निवृत्त झालेले होते आणि कॉलेजच्या मुलांना छोटी विमानं बनवायला, उडवायला शिकवण्यासाठी त्यांना माणूस हवा होता. पगार, राहायला खोली. शब्द संपतरावांनीच टाकला होता, हे त्यांचं ऋण मी नाकारत नाही. साहेब दादाचं उड्डाण बघणार आणि ठरवणार. जमलं तर पुणं. नाही जमलं, तर अण्णांनी कारखान्यात बॉयलरवर त्याचं नाव सांगून ठेवलं होतं. बॉयलरवर उसाच्या चिपाडांचा भुसा जाळतात. दादा लहानपणी एकदा डबा द्यायला आत गेला होता आणि भुश्याच्या धुळीने घुसमटून बाहेर पळत आला होता. तो मला म्हणाला होता, "सुजे, हे न्हाय झालं तर मी त्या धुळीत मरंन." तो हे हसत म्हणाला होता.

त्या दिवशी वारा नव्हता. साहेब उंच, पांढऱ्या मिश्यांचे, कमी बोलणारे. त्यांनी विमान हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, पंखाच्या पट्ट्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे लाकूड कोणतं? दादाने पांगारा सांगितल्यावर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. फीत दादाच्या एरियलला होती. विमान सुरेख वर गेलं. दादाने दोन गिरक्या मारल्या, उलटं उडवलं, सरळ केलं. साहेबांची वही खाली गेली होती आणि ते नुसते बघत होते. अण्णा त्यांच्या मागे उभे होते. इतका वेळ गप्प राहणं त्यांना सोसेना.

"साहेब," ते म्हणाले, "सेट मी निवडून दिलाय त्येला. संपतरावाचा आन् ह्येचा अगदी सेम. संपतराव, दावा की साहेबास्नी तुमचा."

संपतरावांचा सेट खुर्चीवर होता. त्यांनी तो उचलला आणि साहेबांपुढे धरला. "ह्यो बघा. काडीचा फरक न्हाय." आणि बॅटरीचा काटा दाखवायला म्हणून त्यांनी बटण वर केलं.

मी तीन पावलांवर होते. त्यांचा अंगठा बटणावर गेला, तो मला दिसला. ते जाड अक्षरांचं पान माझ्या डोळ्यांपुढे आलं. तोंड उघडायला तेवढा वेळ होता. पण समोर साहेब होते, मोठी माणसं बोलत होती, आणि मी थांबले.

विमान उतरण्यासाठी आमच्या बाजूला खाली येत होतं. ते एकदम थरथरलं, डाव्या पंखावर पडलं आणि नाकावर जमिनीत गेलं. आवाज फार मोठा झाला नाही. सुपली पडावी तसा झाला. दादा दोन्ही अंगठे तसेच सेटवर ठेवून उभा होता. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. संपतरावांनी बटण खाली केलं होतं, पण सेट त्यांच्या हातात होता.

साहेबांनी दादाच्या जवळ जाऊन विचारलं, दुसरा सेट चालू होता का? संपतराव अण्णांकडे बघायला लागले. अण्णा खाली मातीकडे बघत होते. दादाने अण्णांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "न्हाय सर. माझी चूक झाली. इमान अंगावर येताना उजवं-डावं उलटं झालं माझं."

विमान आपल्याकडे तोंड करून येतं, तेव्हा त्याचं डावं आपलं उजवं होतं. नवशिके तिथे चुकतात. पहिल्या महिन्यात. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, असं मला अजूनही वाटतं. मग ते म्हणाले, "मुलांना शिकवणाऱ्याकडून ही चूक होऊन चालणार नाही." वही खिशात घालून ते जीपकडे गेले. संपतराव त्यांच्या मागोमाग गेले.

आम्ही एसटीने परत निघालो. मोडलेले पंख दादाने मांडीवर घेतले होते. कंडक्टरने पंखांचंही तिकीट काढणार का, म्हणून चेष्टा केली. कुणी हसलं नाही. कळंबचा फाटा जवळ आला, तेव्हा अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सेट येक नंबर हुता. हात कमी पडला तुझा."

"व्हय, अण्णा," दादा म्हणाला.

पुढच्या हंगामात तो बॉयलरवर लागला. सेट वर्षभर फळीवर होता, मग त्याने तो संपतरावांना देऊन टाकला. सुटे भाग म्हणून. मी नोकरीला लागल्यावर एकदा त्याला विचारलं, साहेबांना खरं का नाही सांगितलंस? तो भाकरी कुस्करत होता. म्हणाला, "अण्णा सगळ्या वसाहतीत सांगत हुते, सेट मी निवडला म्हणून. त्येंच्या तोंडावर कसं म्हणू?" मी म्हणाले, आणि तुझं काय? त्याने आणखी कालवण मागितलं.

भुश्याची धूळ छातीत बसते, हे तेव्हा कुणी सांगत नसे. तिशीत त्याला खोकला लागला. चाळिशीत जिना चढताना तो मध्ये थांबायला लागला. शेवटची दोन वर्षं नळी लावून होता. बोलताना दम लागायचा, म्हणून फार बोलायचा नाही. गेल्या वर्षी तो गेला. मी हे सावकाश लिहिते आहे, कारण भरभर लिहिलं तर मला राग येतो आणि रागात लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी फाडते. अशी बरीच पानं फाडून झाली.

दुखवट्याला भेटायला लोक येत होते, तेव्हा अण्णा इंदापूरला माझ्या घरी होते. नव्वदीला आलेत, पण कान शाबूत आहेत. संपतरावांचा मुलगा आला. त्याने विमानाचा विषय काढला, वडील सांगायचे म्हणाला. अण्णा सरसावून बसले. "सेट मी निवडून दिलता," ते म्हणाले. "येक नंबर. पर त्या दिवशी पोराचा हात कमी पडला." मुलगा मान हलवून, चहा पिऊन गेला. मी दार लावलं आणि अण्णांच्या समोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी मध्येच न थांबता एक वाक्य बोलले. "अण्णा, संपतरावांचा सेट चालू होता. मी बघितलंय."

त्यांना धक्का बसेल, असं मला वाटलं होतं. तीस वर्षं मी त्याचीच भीती बाळगली होती.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "मीच म्हणलो की, दावा म्हणून."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी केली. "त्यो न्हाय म्हणला साहेबाला. त्यानं न्हाय म्हणल्यावर मी कसा व्हय म्हणू?"

अण्णा माझ्याकडेच असतात. मी त्यांना वेळेवर वाढते, गोळ्या देते, महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे नेते. गल्लीतल्या बायका म्हणतात, लेक असूनही किती करते बापाचं. करते. त्यापलीकडे त्यांना माझ्याकडून काही मिळणार नाही.